शेवटापाशी थांबलेली समीक्षा

रहस्यकादंबरीच्या परीक्षणाचे शेवटचे वाक्य बहुधा ठरलेले असते. 'पुढे काय होते ते मुळातूनच वाचायला हवे,' असे म्हणून परीक्षक अदबीने बाजूला होतो. मराठीत होते तसेच ते इंग्रजीतही होते आणि त्यात गैर काही नाही. ज्याने पुस्तक अजून उघडलेले नाही, त्याला खुनी कोण हे सांगून टाकणे हा निव्वळ दुष्टपणा झाला. वाचक आणि परीक्षक यांच्यातला हा जुना अलिखित करार आहे आणि तो पाळलाच पाहिजे.

अडचण येते ती एखाद्या कादंबरीचा सगळा अर्थच तिच्या शेवटात असतो तेव्हा. शेवट सांगायचा नाही, तर मग बोलायचे कशावर? परीक्षक मग वातावरणावर बोलतो, बांधणीवर बोलतो, माहितीच्या अस्सलपणावर बोलतो. हे बोलणे खोटे नसते. पण पुस्तक ज्यासाठी लिहिले गेले ती गोष्ट न बोलता राहून जाते. आणि परीक्षणे एकदा छापून झाली की त्या पुस्तकाविषयीचे मत त्याच चार शब्दांत गोठून बसते. जॉन ल कारे यांच्या 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' या कादंबरीचे नेमके हेच झाले, असे मला वाटते. ती प्रसिद्ध होऊन साठ वर्षे उलटून गेली. आता शेवट लपवण्याचे कारण उरलेले नाही. (तरीही ज्यांना ती अद्याप वाचायची आहे, त्यांनी हा लेख येथेच बाजूला ठेवावा, पुढे शेवट सांगितलेला आहे.)

कादंबरी सप्टेंबर १९६३ मध्ये लंडनच्या गोलान्झ या प्रकाशनसंस्थेने काढली. लेखकाचे खरे नाव डेव्हिड कॉर्नवेल. वय बत्तीसच्या आत. याआधीची त्यांची दोन पुस्तके १९६१ आणि १९६२ साली आली होती, त्यांचे बरे स्वागत झाले होते, इतकेच. हे तिसरे मात्र वणव्यासारखे पसरले. ब्रिटनमधल्या गुन्हेकथालेखकांच्या संघटनेने वर्षातली उत्कृष्ट कादंबरी म्हणून तिला पुरस्कार दिला, अमेरिकेतल्या तशाच संघटनेने १९६५ साली 'एडगर' दिला. १९६४ साली अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेली कादंबरी हीच होती. १९६५ साली मार्टिन रिट यांनी रिचर्ड बर्टनला घेऊन तिच्यावर चित्रपट काढला.

हे यश समजून घ्यायचे तर ते दिवस आठवायला हवेत. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. त्याच वर्षी जॉर्ज ब्लेक हा ब्रिटिश गुप्तचर खात्यातला अधिकारी रशियाचा हस्तक निघाला आणि त्याला बेचाळीस वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी १९६३ मध्ये किम फिल्बी बैरूतमधून नाहीसा झाला आणि मॉस्कोत जाऊन पोहोचला. हा तर एके काळी रशियाविरोधी हेरगिरीच्या विभागाचा प्रमुख. जूनमध्ये प्रोफ्युमो या युद्धमंत्र्याला एका तरुणीशी असलेल्या संबंधांविषयी संसदेत खोटे बोलल्याबद्दल पायउतार व्हावे लागले. एकीकडे वर्तमानपत्रांत हे, आणि दुसरीकडे चित्रपटगृहांत जेम्स बाँड. उंची मद्य, उंची मोटार, सुंदर बायका, आणि शेवटी इंग्लंडचा जय. वाचकाच्या मनात या दोन चित्रांचा मेळ बसत नव्हता. अशा वेळी ल कारे यांनी अलेक लीमस नावाचा पन्नाशीचा, थकलेला, दारू पिणारा, कर्जबाजारी दिसणारा हेर पुढे उभा केला. लोकांना वाटले, हा खरा.

येथूनच घोटाळ्याला सुरुवात झाली. या कादंबरीच्या वाट्याला आलेली स्तुती पाहा. ग्रॅहॅम ग्रीन यांनी आपण वाचलेली ही सर्वोत्तम हेरकथा असल्याचे म्हटले. जे. बी. प्रीस्टली यांनी बांधणीला दाद दिली आणि तिच्यातल्या गारठलेल्या नरकासारख्या वातावरणाचा उल्लेख केला. दोघेही मोठे लेखक, दोघांचेही म्हणणे रास्त. परंतु वर्तमानपत्रांतून जो शब्द सर्वाधिक घुमला तो होता 'अस्सल'. हेरगिरी प्रत्यक्षात अशीच चालते, हा कोणी तरी आतला माणूस बोलतो आहे, असा बोलबाला झाला.

यातली गंमत अशी, की कादंबरी अस्सल असल्याचा दाखला देणाऱ्यांपैकी बहुतेकांना हेरगिरी कशी चालते हे कळण्याचा काही मार्गच नव्हता. ज्या खात्याचे हे चित्र, ते ब्रिटनचे परदेशी गुप्तचर खाते तेव्हा सरकारी दृष्टीने अस्तित्वातच नव्हते. ते आहे, हे ब्रिटिश सरकारने जाहीरपणे मान्य केले १९९२ साली. त्याला कायद्याचा आधार मिळाला १९९४ साली. जी वस्तू कधी पाहिलेली नाही तिच्या चित्राला 'हुबेहूब' म्हणावे, तसा हा प्रकार होता. ल कारे स्वतः त्या खात्यात होते, हे खरे. भिंत उभी राहिली तेव्हा ते बॉनच्या ब्रिटिश वकिलातीत होते आणि वकिलातीची नोकरी हा केवळ वरचा बुरखा होता. पण हेही परीक्षकांना ठाऊक नव्हते. विचारले असता लेखक साफ नाही म्हणत.

आणि खरी मेख तर पुढेच आहे. नोकरीत असल्यामुळे ल कारे यांना हस्तलिखित खात्याला दाखवावे लागले होते. खात्याने परवानगी दिली ती याच कारणासाठी, की हे सारे काल्पनिक आहे, त्यातून कोणतेही गुपित फुटत नाही. कादंबरीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०१३ साली, लेखकानेच हे सविस्तर लिहिले. ज्यांना खरे ठाऊक होते त्यांनी पुस्तक कल्पित ठरवले आणि ज्यांना काहीच ठाऊक नव्हते त्यांनी ते सत्य ठरवले, असा हा न्याय झाला. पाच-सहा आठवड्यांत, संतापाच्या भरात लिहिलेली ही कादंबरी होती. लेखकाला माहिती द्यायची नव्हती, त्याला एक प्रश्न विचारायचा होता. वाचकांनी तिच्याकडे गुप्त कागदपत्र म्हणून पाहिले आणि प्रश्न बाजूला पडला.

तो प्रश्न कोणता, हे पाहण्यासाठी आता कथानकाकडे वळू.

लीमस हा बर्लिनमधल्या ब्रिटिश हेरांचा प्रमुख. पूर्व जर्मनीतली त्याची माणसे एकामागून एक मारली गेली आहेत. शेवटचा माणूस सीमेवरच्या चौकीतून सायकलवरून येत असताना त्याच्या डोळ्यांदेखत गोळ्या घालून पाडला जातो. या सगळ्यामागे आहे मुंट, पूर्व जर्मन गुप्तचर खात्यातला एक क्रूर अधिकारी. लंडनमध्ये लीमसचा वरिष्ठ त्याला एक शेवटची कामगिरी देतो. लीमसने फितुराचे सोंग घ्यायचे, शत्रूच्या हाती लागायचे आणि मुंट हा इंग्रजांना विकला गेला आहे असा संशय पेरून त्याच्याच लोकांकडून त्याचा काटा काढायचा. त्यासाठी लीमसला आधी रस्त्यावर यावे लागते. नोकरी जाते, दारू वाढते, एका दुकानदाराला मारल्याबद्दल तुरुंगवास होतो. मधल्या काळात एका लहानशा ग्रंथालयात काम करताना लिझ गोल्ड ही तरुण मुलगी त्याच्या आयुष्यात येते. ती ज्यू आहे, कम्युनिस्ट पक्षाची सभासद आहे आणि माणसांवर विश्वास ठेवणारी आहे.

सोंग वठते. लीमस पूर्व जर्मनीत पोहोचतो. तेथे त्याची जबानी घेतो फीडलर. हाही ज्यू, बुद्धिमान, आपल्या तत्त्वज्ञानावर मनापासून श्रद्धा असलेला. मुंटवर त्याचा आधीपासून संशय असतो. लीमसच्या जबानीने त्याची खात्री पटते आणि तो मुंटला न्यायासनापुढे उभा करतो. तेवढ्यात साक्षीदार म्हणून लिझला हजर केले जाते. लंडनहून कोणी तरी तिच्या घराचे भाडे भरले आहे, कोणी तरी येऊन तिची विचारपूस केली आहे, हे ती भाबडेपणाने सांगते आणि लीमसचे सोंग उघडे पडते. मुंट सुटतो, फीडलर अडकतो. आणि त्या क्षणी लीमसच्या ध्यानात येते, की मुंट खरोखरच इंग्रजांचा माणूस आहे. फीडलरचा संशय खरा होता. ही सगळी कामगिरी मुंटला मारण्यासाठी नव्हतीच. त्याला वाचवण्यासाठी आणि खरे ओळखणाऱ्या फीडलरला संपवण्यासाठी होती. लीमसला ते सांगितलेले नव्हते, कारण त्याने मनापासून खोटे बोलावे अशी गरज होती. लिझ तर नुसते हत्यार होती.

म्हणजे लोकशाहीच्या रक्षणासाठी लंडनने काय केले? एका जुन्या नाझी वळणाच्या माणसाला वाचवले आणि त्यासाठी एका ज्यू माणसाचा बळी दिला. महायुद्ध संपून अठराच वर्षे झाली होती, हे येथे विसरता येणार नाही. नाझींशी लढल्याचा ज्या देशाला सर्वाधिक अभिमान, त्या देशाच्या नावाने हे घडते. पश्चिम जर्मनीच्या गुप्तचर खात्यातला हाइन्झ फेल्फे हा अधिकारी नोव्हेंबर १९६१ मध्ये पकडला गेला. तो रशियाचा हस्तक तर होताच, पण पूर्वाश्रमीचा एसएसमधला होता. जुन्या नाझींना नव्या कामाला जुंपणे हे त्या वेळचे उघड गुपित होते आणि बॉनमध्ये बसलेल्या ल कारे यांच्या नजरेसमोर ते रोज होते.

शेवटच्या प्रसंगात मुंटच लीमस आणि लिझ यांना भिंतीपर्यंत पोहोचवतो. भिंत चढत असताना लिझला गोळी लागते. तिला खूप काही कळलेले असते, तेव्हा ही गोळी अपघाताने लागलेली नाही हे वाचक समजून चुकतो. लीमस भिंतीच्या माथ्यावर असतो. पलीकडून त्याचे लोक त्याला उडी मारायला सांगत असतात. तो उडी मारत नाही. तो पूर्वेच्या बाजूला, तिच्या प्रेताशेजारी उतरतो आणि मारला जातो. 'कोल्ड'मधून आत येणे याचा हेरांच्या भाषेतला अर्थ, बाहेरच्या जोखमीच्या कामातून सुटून आपल्या माणसांत परत येणे. लीमस आत येतो तो लंडनला परतून नव्हे. ज्या दोन बाजूंनी माणसाला सोंगटी मानले त्यांच्यापैकी कोणाकडेही न जाता, एका मेलेल्या माणसाजवळ उभा राहून तो आत येतो. शीर्षकाचा अर्थ शेवटच्या पानावर उलगडतो. शेवट न सांगता या कादंबरीवर लिहिणे म्हणजे शीर्षकसुद्धा न समजावता लिहिणे.

म्हणून १९६३ सालच्या परीक्षकांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. ते करार पाळत होते. आश्चर्य याचे वाटते, की ज्यांना असा करार पाळायचा नव्हता त्यांनी पुस्तक अधिक नेमके वाचले. पहिले म्हणजे खुद्द हेर. खात्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने भर मेजवानीत आपल्याला शिवीगाळ केल्याची आठवण ल कारे यांनी नोंदवली आहे. पुढे 'सीआयए'चे प्रमुख झालेले रिचर्ड हेल्म्स यांना या कादंबरीचा तिटकारा होता, असे त्यांच्या चरित्रकाराने लिहिले आहे. हेर आपल्या खात्यावर विसंबून शत्रूच्या मुलखात शिरतो, आणि खातेच त्याला विकू शकते असे ही कादंबरी सांगते. राग येणे साहजिक होते. वातावरणाचा राग कोणाला येत नसतो.

दुसरे म्हणजे मॉस्को. तिथल्या 'लितेरातुर्नाया गझेता' या पत्राने १९६५ साली ल कारे यांच्यावर हल्ला चढवला; हा लेखक शीतयुद्धाचाच गौरव करतो, असा आरोप झाला. ल कारे यांनी मे १९६६ च्या 'एन्काउंटर' या लंडनच्या मासिकात जाहीर पत्र लिहून त्याला उत्तर दिले. नियतीने येथेही थट्टा केली. पुढच्याच वर्षी, १९६७ साली, या 'एन्काउंटर'ला 'सीआयए'चा पैसा पोहोचत होता असे उघडकीला आले. साध्यासाठी कोणतेही साधन चालते काय, असे विचारणाऱ्या लेखकाचे उत्तर छापणारे मासिकच अशा एका साधनाचा भाग निघाले. इकडे पश्चिमेत उलट आरोप होता: ल कारे दोन्ही बाजूंना एकाच मापाने मोजतात, मग लोकशाही आणि हुकूमशाही यांत फरक तो काय राहिला?

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवे. कादंबरीत लीमसचा वरिष्ठ असा युक्तिवाद करतो, की आपली धोरणे चांगली असली म्हणून आपल्याला शत्रूपेक्षा कमी निष्ठुर राहून चालणार नाही. पद्धती दोघांच्याही आता सारख्याच झाल्या आहेत. हे मत त्या पात्राचे आहे, लेखकाचे नव्हे. लेखकाचे म्हणणे कथेतून दिसते. कम्युनिस्ट फीडलरला आपण काय करतो आहोत याची तात्त्विक सबब तरी आहे: त्याच्या मते समाजापुढे व्यक्तीला किंमत नाही. व्यक्तीला किंमत आहे असे म्हणणारी बाजू इंग्लंडची. आणि तीच व्यक्तीला वापरून फेकते. दोन्ही बाजू सारख्या आहेत असे येथे कोठे म्हटले आहे? उलट, दोन्ही सारख्या नाहीत, म्हणूनच लोकशाहीवाल्यांचा अपराध जास्त बोचतो. लोकशाहीची काही चाड नसती तर लेखकाला राग येण्याचे कारणच नव्हते.

याचा अर्थ कादंबरी निर्दोष आहे असा नाही. लिझचे पात्र फार पातळ आहे. ती प्रेम करते, विश्वास ठेवते आणि मरते. तिला स्वतःचे म्हणावे असे फारसे काही करू दिलेले नाही. लंडनने तिला साधन म्हणून वापरले याचा लेखकाला संताप येतो, परंतु कथेच्या सोयीसाठी लेखकही तिला काहीसे तसेच वापरतो. लीमससारख्या मुरलेल्या हेराला शेवटपर्यंत काहीच संशय येऊ नये, हेही पटायला थोडे जड जाते. असे दोष शेवट समोर ठेवूनच दाखवता येतात. म्हणजे 'शेवट सांगू नये' या संकेतामुळे केवळ खरी स्तुतीच राहिली असे नाही, खरी टीकाही राहिली.

पुढची पन्नास वर्षे ल कारे यांच्याभोवती एक वेगळाच वाद घुटमळत राहिला: यांना हेरकथाकार म्हणायचे की साहित्यिक? जाक बार्झून या विद्वानाने १९६५ सालीच हेरकथेच्या लोकप्रियतेवर कडक टीका केली होती. 'द ऑनरेबल स्कूलबॉय' १९७७ साली आली तेव्हा क्लाइव्ह जेम्स यांनी परीक्षणाला मथळाच असा दिला, की लेखकाने पुन्हा त्या 'कोल्ड'मध्ये परत जावे. पुस्तक नको तितके लांबले आणि भाषा फुगली, ही त्यांची तक्रार होती. उलट १९८६ साली आलेली 'अ परफेक्ट स्पाय' ही महायुद्धानंतरची सर्वोत्तम इंग्रजी कादंबरी असल्याचे फिलिप रॉथ यांनी म्हटले. २०१३ साली इयन मॅक्यूअन म्हणाले, की ल कारे यांना बुकर केव्हाच मिळायला हवे होते. खुद्द ल कारे यांनी मात्र पुरस्कारांच्या शर्यतीतून अंग काढून घेतले होते. २०११ साली मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या अंतिम यादीत नाव आले, तेव्हा आपण साहित्यिक पुरस्कारांसाठी स्पर्धा करत नाही, असे सांगून त्यांनी नाव काढून टाकण्याची विनंती केली. परीक्षकांनी नाव कायम ठेवले. पुरस्कार फिलिप रॉथ यांना मिळाला.

या साऱ्या वादात स्तुतीचे एक ठराविक वाक्य वारंवार येते: 'या लेखकाने हेरकथेच्या मर्यादा ओलांडल्या.' वरवर पाहता गौरवाचे, पण मुळात हे अपमानाचे वाक्य आहे. पुस्तक चांगले असेल तर ते हेरकथा नव्हेच आणि हेरकथा असेल तर ते चांगले असणार नाही, असे गृहीत धरल्याशिवाय ते उच्चारता येत नाही. खुद्द ग्रॅहॅम ग्रीन यांनी आपल्या पुस्तकांची 'कादंबऱ्या' आणि 'करमणुकी' अशी विभागणी केली होती; पुढे त्यांनीच ती मोडीत काढली. ल कारे यांची ही कादंबरी मोठी आहे ती हेरकथा असूनही नव्हे, हेरकथा असल्यामुळे आहे. वाचकाला फसवणे हे हेरकथेचे जुने तंत्र. येथे लीमस फसतो, त्याच्याबरोबर वाचकही फसतो. दोनशे पाने आपणही मुंट मरावा म्हणून वाट पाहत असतो. फीडलरचा बळी जावा यासाठी जी योजना आखलेली आहे, तिला आपणही नकळत यश चिंतत असतो. उलगडा होतो तेव्हा आपली मान खाली जाते. रहस्याचे तंत्र वापरल्याशिवाय लेखकाला वाचकाचा हा सहभाग मिळालाच नसता. साध्या वैचारिक लेखात 'तुमच्या नावाने काय चालले आहे ते पाहा' असे सांगितले असते, तर आपण मान डोलावून पान उलटले असते.

लेखकाला स्वतःलाही हा शेवट स्वस्थ बसू देत नव्हता. २०१७ साली, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी 'अ लेगसी ऑफ स्पाइज' लिहिली. तिच्यात लीमसचा मुलगा आणि लिझची मुलगी आपल्या आई-बापांच्या मृत्यूचा जाब खात्याला विचारतात आणि निवृत्त झालेल्या एका जुन्या अधिकाऱ्याला जुन्या कागदांसमोर बसवले जाते. कथा म्हणून हे पुस्तक पहिल्याच्या उंचीचे नाही. पण पहिल्या कादंबरीवरचे भाष्य म्हणून त्याचे मोल मोठे आहे. जो हिशेब परीक्षणांनी चुकता केला नाही, तो चोपन्न वर्षांनी लेखकानेच मांडला. तीन वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, ल कारे गेले.

आता या विलायती प्रकरणाशी मराठी वाचकाचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध दोन आहेत. पहिला वाङ्मयीन. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांनी पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. वाचनालयात ज्या पुस्तकांची शिवण सर्वांत आधी सुटते, ती ही पुस्तके. आपल्या समीक्षेने त्यांच्याकडे पाहिले ते बहुधा दोनच प्रकारे: एक तर दुर्लक्ष, नाही तर 'वाचनाची सवय लावली' एवढे प्रमाणपत्र. त्या कथांत न्याय कोण करतो, कायद्याला बगल देणारा नायक आपल्याला का आवडतो, शेवटी कोणाला शिक्षा होते आणि कोण सुटतो, याची उलटतपासणी क्वचितच झाली. त्यातल्या सगळ्याच कथा अशा तपासणीला उतरतील असे नव्हे. परंतु न तपासताच नापास करणे हा न्याय नव्हे, आणि न तपासता कौतुक करणे हाही नव्हे.

दुसरा संबंध नागरिक म्हणून आहे. आपली 'रॉ' ही संस्था १९६८ साली स्थापन झाली. तिच्या कारभारासाठी संसदेने केलेला स्वतंत्र कायदा आजही नाही. गुप्तचर खाते हवेच, त्याची गुपिते गुप्त राहायलाच हवीत, यात वाद नाही. परंतु आपल्या नावाने, आपल्या पैशाने, आपल्या रक्षणासाठी जे केले जाते त्याची काही एक मर्यादा असावी की नाही, हा प्रश्न नागरिकाने विचारायचा तरी कोठे? वृत्तपत्राला माहिती मिळत नाही, संसदेत उत्तर मिळत नाही. राहते ती कादंबरी. तिला गुपित ठाऊक असण्याची गरज नसते; माणसाला ठाऊक असलेल्या गोष्टींवरून ती प्रश्न उभा करू शकते. अलीकडे आपल्याकडे हेरांवरचे चित्रपट आणि मालिका जोरात चालतात. त्यांच्याविषयी होणारी चर्चा मात्र 'हे खऱ्या घटनेवर आधारलेले आहे काय' याच्यापुढे सहसा जात नाही. १९६३ सालच्या लंडनमध्येही लोक हेच विचारत होते.

उपाय अवघड नाही. पुस्तक नवे असताना त्याची ओळख करून द्यावी, शेवट झाकून ठेवावा, वाचकाचा आनंद राखावा. पण ओळख म्हणजे समीक्षा नव्हे. वर्ष-दोन वर्षांनी, पुस्तक पुरेसे वाचले गेल्यावर, त्याच्याकडे दुसऱ्यांदा वळायला हवे, आणि या वेळी शेवटच्या पानापासून सुरुवात करायला हवी. कोण वाचले, कोण मेले, कोणी कोणाला वापरले आणि आपण वाचक कोणाच्या बाजूने होतो, हे विचारायला हवे. गंभीर म्हणवणाऱ्या साहित्याच्या वाट्याला ही दुसरी फेरी आपोआप येते; त्याच्यावर चर्चासत्रे होतात, प्रबंध लिहिले जातात. सर्वांत जास्त माणसे जे वाचतात, त्याच्या वाट्याला ती यायला नको काय?